वक्त्याला सांभाळ, श्रोत्यालाही सांभाळ

॥ श्री गणेशाय नमः ॥



गणेशोत्सव आला की आपल्या मंदिरात अथर्वशीर्षाची आवर्तने होतात. एकवीस आवर्तने म्हणायची, नंतर आरती, नंतर प्रसाद आणि मग गाड्या काढून घरी पोचायचे, असा आपला कार्यक्रम. आवर्तनाची गती अशी असते की जीभ पुढे धावते आणि मन मागे राहते. मीही लहानपणी मिरजेला आजोबांच्या मांडीवर बसून अथर्वशीर्ष पाठ केले आणि पुढची तीसेक वर्षे अर्थाकडे वळून पाहिले नाही.

त्यातल्या दोन छोट्या मागण्यांकडे आज तुमचे लक्ष वेधायचे आहे. सुरुवातीला गणपतीला आपण म्हणतो की तू माझे रक्षण कर. त्यानंतर लगेच काय मागतो? धनधान्य नव्हे, आरोग्यही नव्हे. बोलणाऱ्याचे रक्षण कर, आणि त्याला लागूनच, ऐकणाऱ्याचे रक्षण कर. देणारा, धारण करणारा, गुरू, शिष्य हे सगळे त्यानंतर येतात. ऋषींना हे सर्वांत आधी का मागावेसे वाटले असेल? बोलणे आणि ऐकणे यांत संरक्षण मागण्याइतका धोका कसला?

धोका कसला, हे मला माझ्या घरात कळले. ती गोष्ट सांगते. प्रवचनात स्वतःचे सांगू नये असे म्हणतात. पण दुसऱ्याच्या घरातली चूक सांगण्यापेक्षा आपल्या घरातली सांगितलेली बरी.

गोष्ट २०१२ सालची. माझ्या सासूबाई तेव्हा चौऱ्याहत्तर वर्षांच्या होत्या. सासरे गेल्यावर त्या आमच्याकडे अमेरिकेत कायमच्या राहायला आल्या होत्या. त्यांना मधुमेह होता, पण तब्येत एरवी काटक. त्यांची खोली खाली आणि देवघर वरच्या मजल्यावर. सकाळ-संध्याकाळ त्या जिना चढून पूजेला जात. श्रावण संपत आला तेव्हा एकदा त्या मला म्हणाल्या, “देवघर खाली असतं तर बरं झालं असतं गं.” मी कामावर निघण्याच्या घाईत होते. मी म्हटले, “आई, ईशान्येची खोली वरच आहे ना? तुम्हीच तर सांगितलं होतंत.” त्या गप्प बसल्या.

आठवड्याने त्यांनी विचारले, “तुझ्याकडे दिवसाला किती पेशंट येतात गं?” मी म्हटले, “वीस-बावीस.” “बाई गं! दमत असशील,” एवढे म्हणून त्या उठून गेल्या.

चतुर्थी जवळ आली तेव्हा म्हणाल्या, “यंदा मोदक विकत आणले तर चालतील का?” आयुष्यभर ज्यांनी विकतचा मोदक देवापुढे ठेवू दिला नव्हता, त्या हे म्हणत होत्या. मला वाटले, आई सुधारल्या. मी आनंदाने ऑर्डर देऊन टाकली.

चतुर्थीच्या दोन दिवस आधी माझा अकरा वर्षांचा मुलगा स्वयंपाकघरात आला आणि म्हणाला, “आई, आजीला जिना चढताना दुखतं. मी विचारलं तर ती हो म्हणाली. श्वास पुरत नाही आणि जबडा ओढल्यासारखा होतो म्हणाली. तू डॉक्टर आहेस ना?”

मी डॉक्टर आहे. मधुमेह असलेल्या वयस्कर बाईच्या हृदयविकारात छातीत कळ येईलच असे नाही. नुसता थकवा, धाप, मळमळ, जबड्यात ओढ असेही होते, हे मी निवासी डॉक्टरांना शिकवत आले आहे. त्याच रात्री आईंना इस्पितळात नेले. ईसीजीत जुन्या झटक्याची खूण होती. म्हणजे झटका केव्हाच येऊन गेला होता, आणि तो आला तेव्हा मी त्याच घरात होते. तीन रक्तवाहिन्या अरुंद झाल्या होत्या. बायपास झाली, आई वाचल्या. पण हृदयाच्या स्नायूचे जे नुकसान झाले ते भरून आले नाही.

शस्त्रक्रियेनंतर मी त्यांना विचारले, “आई, मला सरळ का नाही सांगितलंत?” त्या माझ्याकडे आश्चर्याने बघत म्हणाल्या, “सांगितलं होतं की गं. देवघराचं म्हटलं, मोदकांचं म्हटलं. इतक्या पेशंटांना बघतेस, त्यात ‘मलाही बघ’ असं सुनेला कसं म्हणायचं?”

मंडळी, त्यांनी सांगितले होते. तीन वेळा सांगितले होते. माझ्या कानांपर्यंत शब्द आले आणि अर्थ जिन्यातच राहिला.

अथर्वशीर्षातच पुढे गणपतीला वाणीची चार पदे म्हटले आहे. ही कल्पना ऋग्वेदाइतकी जुनी आहे. पहिल्या मंडलातल्या एकशे चौसष्टाव्या सूक्तात दीर्घतमा ऋषी सांगतात की वाणीचे चार भाग आहेत. त्यातले तीन गुहेत लपलेले आहेत आणि माणसे बोलतात तो फक्त चौथा. पुढे परंपरेने या चारांना परा, पश्यंती, मध्यमा आणि वैखरी अशी नावे दिली. तत्त्वज्ञानात त्यांचे अर्थ खोल आहेत. पण संसारी माणसाला एवढे पुरे की तोंडून बाहेर पडते ती वैखरी, पावपट. उरलेले पाऊण आतच असते. आईंची वैखरी देवघराबद्दल बोलत होती आणि मध्यमा म्हणत होती, मला धाप लागते. सगळ्यांच्या बोलण्यात हे पाऊण असते. फरक इतकाच की ते बाहेर आणण्याची प्रत्येकाची रीत वेगळी. एकाच घरात दोन-तीन रीती नांदत असल्या की घोटाळे होतात.

आईंची रीत सूचक बोलण्याची. त्या वाईच्या एका वाड्यात चौदा माणसांत वाढल्या. तिथे ओटीवरून कुणी म्हटले, “आज पाणी लवकर गेलं वाटतं,” की माजघरातली कुणीतरी हंडा उचलायची. कुणाचे नाव घेतलेले नसे, हुकूम दिलेला नसे, आणि काम मात्र होई. ‘लेकी बोले सुने लागे’ ही म्हण आपण टोमण्यासाठी वापरतो. पण त्या रीतीमागे एक दयाही होती. मागणी उघड केली नाही की नकारही उघड होत नाही, आणि दोघांचीही लाज राहते. मात्र या रीतीला आजूबाजूला सतत असणारी माणसे लागतात. एकाने नाही ऐकले तर दुसरी ऐकते. एडवर्ड हॉल या अमेरिकन मानववंशशास्त्रज्ञाने १९७६ साली ‘बियाँड कल्चर’ या पुस्तकात हा भेद मांडला. काही समाजांत बराचसा अर्थ प्रसंगात आणि नात्यात असतो, काहींत तो शब्दांतच मांडावा लागतो. आपण पहिल्या प्रकारच्या घरांतून दुसऱ्या प्रकारच्या देशात आलो. इथे घरात चार माणसे, चार वेळापत्रके आणि प्रत्येकाच्या खोलीचे दार लावलेले. दिवाणखान्यात टाकलेली सूचना कार्पेटमध्ये जिरून जाते.

माझी रीत डॉक्टरची. तक्रार सांगा, मी उपाय सांगते. आमच्या व्यवसायाचा हा जुना दोष आहे. बेकमन आणि फ्रँकेल यांनी १९८४ साली ‘अ‍ॅनल्स ऑफ इंटर्नल मेडिसिन’मध्ये चौऱ्याहत्तर भेटींचा अभ्यास प्रसिद्ध केला होता. रुग्ण आपले पहिले गाऱ्हाणे सांगू लागला की डॉक्टर सरासरी १८ सेकंदांत त्याला मध्येच तोडत असल्याचे त्यात आढळले. घरी आल्यावर मला तर तेवढेही लागत नसत.

तिसरी रीत माझ्या यजमानांची, म्हणजे न बोलण्याची. आईंना अतिदक्षता विभागात ठेवले होते त्या रात्री इस्पितळाच्या पार्किंगमध्ये ते म्हणाले, “दोन आठवडे आई जिन्यात मध्येच बसायची. मी बघत होतो.” मी जवळजवळ ओरडलेच, “मग बोलला का नाहीस?” ते म्हणाले, “वाटलं, तू डॉक्टर आहेस, तुझ्या लक्षात आलंच असेल. आणि सांगायला आलो असतो तर तू मध्येच तोडलं असतंस.” मी लगेच उत्तर द्यायला तोंड उघडले, म्हणजे पुन्हा मध्येच तोडले. त्यानंतर चार दिवस त्यांनी माझ्याशी अबोला धरला.

बघा, आई सूचनेने बोलल्या, मी घाईने बोलले, हे बोललेच नाहीत. तिघांचेही त्या घरावर प्रेम होते. तिघांपैकी एकाचाही हेतू वाईट नव्हता. आणि एक बाई हृदयविकार घेऊन जिन्याच्या पायरीवर बसून होती.

गीतेच्या सतराव्या अध्यायात भगवंतांनी वाणीचे तप सांगितले आहे. बोलणे उद्वेग न देणारे असावे, सत्य असावे, प्रिय असावे आणि हितकर असावे. स्वाध्यायही त्यातच सांगितला आहे. मी या चार कसोट्यांवर आमच्या घराचा विचार केला, तेव्हा एक गंमत लक्षात आली. आईंनी ‘प्रिय’ धरून ठेवले होते, कुणाला जड वाटेल असे बोलायचे नाही. यजमानांनी ‘उद्वेग नको’ हे धरले होते, म्हणून भांडण टाळायला ते गप्प बसत. माझ्याकडे ‘सत्य’ आणि ‘हित’ होते, आणि मी ते इंजेक्शनसारखे टोचत असे. ज्याने त्याने आपल्या हाती लागलेल्या तुकड्याला पूर्ण तप मानले. नवराबायकोच्या बहुतेक भांडणांत हेच असते. “मी खरं तेच बोलले,” हे एकीचे. “मी काहीच वाईट बोललो नाही,” हे दुसऱ्याचे. दोघांचेही बरोबर आणि दोघांचेही अपुरे.

इथे अबोल्याबद्दल थोडे सांगायला हवे, कारण आपल्या घरांत तो फार. त्याच अध्यायात पुढच्याच श्लोकात मौन सांगितले आहे. पण ते वाणीच्या तपात येत नाही, मनाच्या तपात येते, आणि येते ते मनाच्या प्रसन्नतेच्या आणि सौम्यपणाच्या शेजारी. तोंड बंद आणि आत भट्टी पेटलेली, याला मौन म्हणत नाहीत. सिएटलच्या वॉशिंग्टन विद्यापीठातले मानसशास्त्रज्ञ जॉन गॉटमन यांनी अनेक वर्षे जोडप्यांची भांडणे प्रयोगशाळेत पाहिली. संसार पोखरणाऱ्या चार सवयी त्यांनी सांगितल्या: दोष देणे, तुच्छ लेखणे, स्वतःचा बचाव करत राहणे आणि भिंतीसारखे गप्प होणे. पण त्यांनी असेही दाखवले की गप्प झालेला माणूस आतून शांत नसतो. त्याची नाडी बऱ्याचदा मिनिटाला शंभराच्या वर गेलेली असते आणि त्या अवस्थेत समोरच्याचे बोलणे नीट डोक्यात शिरत नाही. निदान वीस मिनिटे थांबावे, मग बोलावे, असा त्यांचा सल्ला आहे. हे वाचल्यावर यजमानांच्या अबोल्याकडे मी निराळ्या नजरेने पाहू लागले. मला ज्यात राग दिसत होता, त्यात भीतीही होती.

अशा बंद दाराशी कसे वागावे, हे आपल्या परंपरेत एका लहान मुलीने दाखवले आहे. कथा तुम्हा सर्वांना ठाऊक आहे. लोकांच्या निंदेने व्यथित होऊन ज्ञानदेव झोपडीची ताटी लावून आत बसले. बाहेर धाकटी मुक्ताई उभी. तिने ताटी तोडली नाही, आणि ‘बसा आत’ म्हणून ती निघूनही गेली नाही. दाराबाहेर उभी राहून ती गात राहिली. तिच्या त्या विनवण्यांना आपण ताटीचे अभंग म्हणतो. ‘तू असा कसा’ असे न म्हणता ‘तू कोण आहेस’ याची ती भावाला आठवण देते. आणि ताटी आतून उघडते. मंडळी, ताटी नेहमी आतूनच उघडायची असते. बाहेरच्याने दाराशी उभे राहायचे असते.

पाचव्या दिवशी मी चहा घेऊन यजमानांच्या शेजारी जाऊन बसले. म्हटले, “आईंना जिन्यात बसलेलं तू पाहिलंस. मी पाहिलं नाही. मला सगळं सांग, मी मध्ये बोलणार नाही.” बराच वेळ गेला. मग ते बोलू लागले आणि त्या दिवशी मला कळले की ते आईच्या मागोमाग रोज जिना चढत होते, ती पडली तर धरायला.

आता आपल्या मुलांविषयी. इथे वाढलेली मुले तोंडावर बोलतात, तर आपण त्यांना उर्मट म्हणतो. पण आमच्या घरात त्या महिन्यात एकच माणूस नीट बोलला, आणि तो होता अकरा वर्षांचा. “आजी, तुला दुखतं का?” हा सरळ प्रश्न आम्हा तिघा मोठ्यांपैकी एकालाही सुचला नाही. त्याच्या सरळपणाने आजीचा जीव वाचला. उलट बाजूही आहे. तोच मुलगा आता नोकरीसाठी दुसऱ्या शहरात राहतो. मी फोनवर विचारते, “जेवलास का? थंडी आहे का?” त्याला ती चौकशी वाटते, उलटतपासणी वाटते. एकदा त्याने विचारले, “तू रोज जेवणाबद्दलच का विचारतेस?” मी म्हटले, “कारण ‘तुझी आठवण येते’ हे म्हणायला मला कुणी शिकवलं नाही.” आता तो “जेवलो” म्हणतो आणि वर स्वतःहून सांगतो, “मलाही येते.”

एक गोष्ट मात्र स्पष्ट सांगते. घरात मारहाण असेल, धाक असेल, पैसे, फोन, पासपोर्ट काढून घेतले जात असतील आणि कुणी जीव मुठीत धरून गप्प असेल, तर तो बोलण्याच्या रीतीतला फरक नव्हे. तिथे मुक्ताईचे उदाहरण देऊन कुणाला दाराशी उभे करू नका. तो अन्याय आहे. आपल्या समाजात हे घडत नाही, असे समजू नका. न्यू जर्सीत १९८५ साली ‘मानवी’ ही संस्था दक्षिण आशियाई स्त्रियांसाठी उभी राहिली, ती गरज होती म्हणूनच. अशा वेळी मदत मागणे हीसुद्धा सत्य आणि हितकर वाणीच आहे. आणि कुणी आपल्याजवळ दबक्या आवाजात काही सांगितले, तर श्रोत्याचे काम आपले.

शेवटी पुन्हा बाप्पाकडे वळते. महाभारत लिहून घेण्याची कथा आपण लहानपणी ऐकली आहे. पुण्याच्या भांडारकर संस्थेच्या चिकित्सक आवृत्तीने ती मूळ संहितेत धरलेली नाही. पण लोकांच्या मनाने ती कधीच स्वीकारली आहे. गणपती म्हणाला, माझी लेखणी थांबता कामा नये. व्यास म्हणाले, कबूल, पण अर्थ कळल्याशिवाय एक अक्षरही लिहायचे नाही. सगळा वेग गणपतीकडे, आणि त्या वेगाला लगाम अर्थाचा. संसारात आपण सगळेच न थांबणाऱ्या लेखण्या आहोत. समोरच्याचे वाक्य संपायच्या आत आपले उत्तर लिहून तयार असते. वैद्यकात आम्ही रुग्णाला म्हणतो, “मी जे सांगितलं ते तुमच्या शब्दांत मला परत सांगा.” त्याशिवाय त्याला ते कळले की नाही हे समजत नाही. घरी मात्र हे आपण कधी करत नाही.

गणपतीला शूर्पकर्ण म्हणतात, सुपासारख्या कानांचा. सूप काय करते? धान्य ठेवते आणि फोलपट उडवते. बोलण्यातला राग, टोमणा, घाई हे फोलपट. आत कुठेतरी दाणा असतोच. ज्ञानदेवही नवव्या अध्यायाच्या आरंभी श्रोत्यांकडे काय मागतात? अवधान. बोलणाऱ्याचे अर्धे काम श्रोत्याच्या अवधानानेच होते.

म्हणून या दहा दिवसांसाठी एक छोटासा नेम सुचवते. घरातले कुणी बोलत असेल तर त्याचे संपेपर्यंत थांबा, आणि संपल्यावरही एक श्वास थांबा, कारण खरी गोष्ट बहुधा त्या श्वासानंतर येते. उत्तर देण्याआधी विचारा, “म्हणजे तुला असं म्हणायचं आहे का?” ज्यांना सूचनेने बोलायची सवय आहे त्यांनी दिवसातून एक गोष्ट सरळ मागावी. ज्यांना सरळ बोलायची सवय आहे त्यांनी दिवसातून एक न मागितलेली गोष्ट ओळखून करावी. आणि ज्यांना गप्प बसावेसे वाटते त्यांनी खुशाल बसावे, पण “जेवणानंतर बोलू” एवढे सांगून बसावे.

आई त्यानंतर सहा वर्षे आमच्याबरोबर होत्या. इस्पितळातून त्या घरी आल्या तेव्हा देवघर खाली आणलेले होते, ईशान्य असो वा नसो. जाण्याच्या काही दिवस आधी, एका सकाळी मी कामावर निघाले होते. त्या खोलीतून म्हणाल्या, “आज जाऊ नकोस. मला तुझ्याजवळ बसायचं आहे.” आयुष्यात पहिल्यांदा त्यांनी माझ्याकडे काही सरळ मागितले. मी किल्ल्या खाली ठेवल्या.

यंदा आवर्तने म्हणताना त्या दोन मागण्यांपाशी मी क्षणभर थांबणार आहे. तुम्हीही थांबा. हे गणराया, आमच्या घरात जो बोलेल त्याला सांभाळ, आणि जो ऐकेल त्यालाही सांभाळ. आमच्या मुखात तुझी वाणी असू दे, आणि त्याआधी तुझे कान आम्हाला दे.

गणपती बाप्पा मोरया!

॥ शुभं भवतु ॥